यांना शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?

(दृश्य: रुग्णालयाचा तातडीचा विभाग. स्ट्रेचर आत येतं. भिंतीवरचं घड्याळ.)

स्ट्रोकचा, म्हणजे मेंदूच्या झटक्याचा, रुग्ण दारात आला की डॉक्टर सोबतच्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात. "यांना शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?"

त्रास नेमका कधी सुरू झाला, हे पुष्कळदा कुणालाच ठाऊक नसतं. रात्री अकराला गप्पा मारून झोपलेला माणूस सकाळी सहाला उठतो आणि उजवा हात हलत नाही. झटका दोनला आला की पाचला, कोण सांगणार? मग वेळ धरली जाते ती रात्री अकरापासून.

एवढा काटेकोर हिशेब का? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो. शिवाय त्याच्याकडे शिल्लक साठा जवळजवळ नसतोच. मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये गणित मांडलं. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात.

पण सगळा भाग एकदम मरत नाही, आणि हीच त्यातली आशेची जागा. मधला गाभा लवकर जातो. त्याच्या भोवतीच्या पेशी आजूबाजूच्या वाहिन्यांमधून झिरपणाऱ्या थोड्याशा रक्तावर कशाबशा तग धरून असतात. काम बंद, पण जीव शाबूत. रुग्णालयातली सगळी धावपळ या अर्धमेल्या पेशींसाठी असते.

(दृश्य: सिटी स्कॅनच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी.)

स्ट्रोक दोन प्रकारचा. बहुतेकांमध्ये गुठळी अडकून रक्तपुरवठा तुटतो. बाकीच्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्त साचतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. तेच वाकडं तोंड, तोच लुळा हात. उपचार मात्र अगदी उलटे. एकात गुठळी विरघळवायची, दुसऱ्यात रक्तस्राव थांबवायचा. म्हणून आधी स्कॅन, मग औषध. घरातली ॲस्पिरिनची गोळी "असू दे, देऊन तर बघू" म्हणून तोंडात घालू नये, ती याचसाठी. पाणी किंवा चहासुद्धा नको. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर घोट थेट श्वासनलिकेत जातो.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं. तेव्हा मुदत ३ तासांची होती. २००८ च्या अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर गेली. मोठ्या वाहिनीत अडकलेली गुठळी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून ओढूनही काढता येते. निवडक रुग्णांमध्ये हे २४ तासांपर्यंत करता येतं. पण २४ हा आकडा ऐकून कुणी निवांत होऊ नये. लवकर आलेल्याचा फायदा जास्त, हा नियम तिथेही आहेच.

मग इतके लोक उशिरा का येतात? हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येते, माणूस घाबरतो आणि स्वतःच दवाखाना गाठतो. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये बहुधा काहीच दुखत नाही. हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं, शब्द अडखळतात. माणूस म्हणतो, जरा पडतो, बरं वाटेल.

याहून विचित्र गोष्ट मेंदूची उजवी बाजू बिघडल्यावर दिसते. रुग्ण ताटातलं उजव्या बाजूचं जेवून उठतो. डावीकडचं तसंच राहतं. नजर शाबूत असते, पण डावी बाजू त्याच्या जगातून पुसली गेलेली असते. डावा हात लुळा पडलाय, हेही त्याला पटत नाही. "मला काही झालेलं नाही," असं तो ठामपणे सांगतो, आणि खोटं बोलत नसतो. म्हणून स्ट्रोक ओळखायची जबाबदारी, माझ्या मते, शेजारच्या माणसाची. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का बघा. दोन्ही हात समोर धरायला लावा, एक खाली घसरतो का पाहा. साधं वाक्य म्हणायला सांगा. यातलं एकही बिनसलेलं दिसलं, किंवा अचानक तोल गेला, दिसेनासं झालं, कधी नव्हे इतकं डोकं ठणकू लागलं, तर रुग्णाचं मत विचारत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा.

आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर? तरीही जायचं, त्याच दिवशी. याला मिनी स्ट्रोक म्हणतात. कधी तो एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा येतो आणि निघून जातो. कारण मानेतली जी रोहिणी मेंदूला रक्त नेते, तिचीच फांदी डोळ्याला जाते. खऱ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या एका अभ्यासात, २००७ साली, असे रुग्ण तातडीने तपासून लगेच औषधं सुरू केल्यावर पुढच्या तीन महिन्यांतले स्ट्रोक सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. चाकांच्या खुर्चीतले रूझवेल्ट.)

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट चित्रकर्तीसमोर बसले होते. डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय, एवढं म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव. वय ६३. त्यांच्या डॉक्टरांनी जगाला सांगितलं की हे अगदी अनपेक्षित होतं. पण वर्षभरापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांचा रक्तदाब मोजला होता. १८६ बाय १०८. तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हतं. वय वाढलं की बीपी वाढणारच, अशी कित्येक डॉक्टरांचीही समजूत होती. ती मोडली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ लोकांनी. १९४८ पासून त्यांच्या तपासण्या वर्षानुवर्षं होत राहिल्या, आणि बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी आणि स्ट्रोकशी असलेला संबंध आकड्यांत दिसू लागला.

पुढे ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक या अभ्यासाने दहा धोके मोजले. स्ट्रोकच्या ओझ्यातला जवळपास ९० टक्के वाटा त्या दहांचा निघाला. पहिला नंबर उच्च रक्तदाबाचा. मधुमेह, तंबाखू, दारू, वाढलेलं पोट, बसून राहणं, आहार, कोलेस्टेरॉल, मानसिक ताण ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. त्यावर वेगळं प्रवचन नको.

त्या दहांतला उरलेला एक, हृदयविकार, मात्र दुर्लक्षित राहतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, ते नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी धरते आणि एक दिवस सुटून मेंदूत जाते. याने स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट होतो. मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघा. ठोके कसेही, बेताल पडत असतील, तर ईसीजी काढून घ्यायचा. रक्त पातळ करणारं औषध हा धोका पुष्कळच खाली आणतं.

काही झटके तर कळतही नाहीत. बारीक वाहिन्या एकेक करून बुजतात आणि काही वर्षांनी माणूस मंदावतो, हिशेबात चुकतो, चाल बदलते. घरचे म्हणतात, वय झालं. स्मृतिभ्रंशाचा हा एक मोठा रस्ता आहे. झटक्यानंतर येणारं नैराश्यही असंच नजरेतून सुटतं. व्यायामाला नकार देणारा रुग्ण आळशी नसतो, बऱ्याचदा आजारी असतो, आणि त्यावर उपचार आहेत.

(दृश्य: बीपीचं यंत्र, शेजारी अर्धी रिकामी गोळ्यांची पट्टी.)

एकदा झटका येऊन गेला की दुसऱ्याचा धोका वाढतो. आणि नेमकं याच टप्प्यावर पुष्कळजण बीपीची गोळी सोडतात. "आता नॉर्मल येतंय, कशाला घ्यायची?" नॉर्मल येतंय ते त्या गोळीमुळेच. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचंही तेच. दात काढायचा असला तरी ते आपल्या मनाने बंद करू नका. कधी थांबवायचं, कधी नाही, हे ज्यांनी ते लिहून दिलं त्यांनाच विचारा.