भाजी छान झाली, असं कोणी म्हटलंच नाही

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या रविवारी आमच्या घरी, नागपूरच्या धंतोलीत, पातोडीचा रस्सा होता. मी, भाची आणि भाचा खाली माना घालून जेवत होतो. जेवता जेवता भाचीनं आपल्या कानातलं ते बोंडूक काढून माझ्या कानात घातलं. म्हणाली, "मामा, हे ऐकाच."

ऐकलं. खाली रॅपचा दणदणीत ठोका, आवाजात पक्की दादागिरी. वाटलं, आता हा गडी कोणाला तरी धमकी देणार. पण तक्रार काय? मित्रांसाठी मेहनतीनं स्वयंपाक केला, चवीचा केला, पौष्टिकही केला, आणि जेवून उठताना एकानंही बरं म्हटलं नाही. मन दुखावलं हो त्याचं! मला जो ठसका लागला, तो रश्शाच्या तिखटाचा नव्हता. आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "काऊन हसून राहिले एवढे?"

हे गाणं 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स' या दूरदर्शन मालिकेतलं. ब्रेट मॅकेन्झी आणि जेमेन क्लेमंट हे न्यूझीलंडचे दोन गायक-नट. 2007 ते 2009 या काळात अमेरिकेच्या एचबीओ वाहिनीवर तिचे 22 भाग झाले. गोष्ट अशी, की न्यू यॉर्कमध्ये नशीब काढायला आलेले दोन कफल्लक गायक, त्यांचा न्यूझीलंडच्या वकिलातीत नोकरी करणारा मॅनेजर मरे, आणि जगात मिळून एकच चाहती. हा मरे तीन माणसांच्या बैठकीत रीतसर हजेरी घेतो. स्वतःचंही नाव पुकारतो आणि स्वतःच 'हजर' म्हणतो. गणपती मंडळाच्या नाहीतर पतसंस्थेच्या सभेला जो बसलाय, त्याला मरे अनोळखी वाटायचा नाही.

मालिकेतल्या दुसऱ्या वर्षाच्या गाण्यांचा अल्बम ऑक्टोबर 2009 मध्ये आला, 'आय टोल्ड यू आय वॉज फ्रीकी'. गाणी तेरा, भाचीनं ऐकवलेलं त्यातलंच. त्यातल्या काहींची नुसती नावंसुद्धा मी आकाशवाणीवर घेऊ शकत नाही, तेवढं समजून घ्या.

मला या गाण्यांत आवडलं ते हे, की वाजवणारे हसत नाहीत. वडसा-गडचिरोलीकडे धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं उभी राहतात, रात्र रात्र चालतात. त्या रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी गाजलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तिथला विनोदी नट गाऊ लागला की मंडप लोळतो, पण तबलेवाल्याकडे बघा. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तोही खिदळायला लागला आणि ठेका सुटला, तर गाण्याची गंमत जाते आणि लोक तबलजीला हसतात. ब्रेट आणि जेमेन यांची तीच शिस्त आहे. रॅप करायचा तर खराखुरा, डिस्को तर खराखुरा. थट्टा फक्त शब्दांत.

'कॅरल ब्राउन' नावाचं गाणं घ्या. नायक आपल्याला सोडून गेलेल्या मुलींची यादी गातो. कोण बस पकडून गाव सोडून गेली, कोण आणखी कशी गेली. एवढ्यात मागून त्याच मुलींचा कोरस सुरू होतो आणि त्याचे दोष मोजू लागतो. आपल्या विदर्भातल्या खडीगंमत या लोकनाट्यात मागे गाणारे झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतात. इथे झीलकरीच शाहिराचं पितळ उघडं पाडतात! तो बिचारा त्यांना गप्प करायला बघतो, पण त्या कसल्या ऐकतात.

आता एक अडचण. मालिकेतलं गाणं प्रसंगाच्या खांद्यावर बसून येतं. चित्र काढून घेतलं, की काही गाणी पंगू होतात. फॅशनवर एक गाणं आहे, त्यात निम्मी मजा कपड्यांची. नुसतं ऐकताना मला ते लांबल्यासारखं वाटलं. उलट होडीत भरकटलेल्या तिघांचं गाणं डोळे मिटूनच ऐकावं. रशियन लोकगीतासारखी उदास चाल, आणि गाणाऱ्याला हळूहळू कळत जातं, की उरलेले दोघं उपाशी आहेत आणि आपलं अंग जरा कमी कमी होत चाललंय. रेडिओसाठीच लिहिल्यासारखं. तसे हे दोघं 2005 मध्ये बीबीसी रेडिओवर मालिका करूनच पुढे आलेले.

त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम 2008 चा. सिअ‍ॅटलच्या सब पॉप कंपनीनं काढलेला, अमेरिकेत अल्बमच्या खपाची जी बिलबोर्ड यादी निघते, तीत थेट तिसऱ्या क्रमांकावर आला. त्यातली बरीच गाणी त्यांनी मालिकेच्या आधी वर्षानुवर्षं रंगमंचावर गाऊन घोटलेली होती. ती शिदोरी पहिल्या वर्षात संपली. दुसऱ्या वर्षी दर भागाला नवी गाणी, तीही हसवणारी, तीही चालीला पक्की. दमले. डिसेंबर 2009 मध्ये त्यांनी सांगून टाकलं, तिसरं वर्ष नाही. लोकप्रिय मालिका आपण होऊन थांबवणं आपल्या मालिकावाल्यांना जमेल का, हा प्रश्न मी विचारत नाही. ब्रेटनं पुढे 2012 मध्ये मपेट्स नावाच्या बाहुल्यांच्या चित्रपटातल्या गाण्यासाठी ऑस्कर मिळवलं. तेही विनोदी गाणंच.

तर, रविवारचं राहिलंच. सगळ्यांचं आटोपल्यावर आमच्या सौभाग्यवती जेवायला बसल्या. भाचीनं त्यांना त्या रॅपचा अर्थ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पातोडीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "त्या पोट्ट्यानं एक दिवस रांधलं, अन् गाणं केलं. माझ्याजवळ तीस वर्षांचा माल आहे."

मी घाईनं म्हटलं, "रस्सा झकास झालाय हं."

"संपला," त्या म्हणाल्या.