सांगड : दोन भोपळे आणि एक दोर

पडद्यावर दिसत आहेत ते दोन वाळलेले कडू भोपळे. त्यांचे कवच लाकडासारखे टणक झाले आहे आणि हलवले की आतल्या सुक्या बिया खुळखुळतात. दोन्ही भोपळ्यांच्या गळ्यांना एकच दोर बांधून मध्ये हातभर अंतर ठेवले, की पोहायला शिकणारे पोर त्या दोरावर छाती टेकून निर्धास्तपणे विहिरीत उतरू शकते. एकच भोपळा छातीखाली घेतला तर तो गरकन फिरून निसटतो. दोन काखांशी दोन असले की तोल सांभाळला जातो. या जोडीचे नाव सांगड. 'सांगड घालणे' आपण सर्रास लिहितो, पण पाण्यावरची ही सांगड आता क्वचितच कोणाच्या डोळ्यांपुढे येते.

होड्यांचीही सांगड असते. एकाच खोडातून कोरलेली होडी अरुंद असल्यामुळे माणूस एका कडेला झुकला तरी ती कलंडू शकते. मात्र तशाच दोन होड्या शेजारी ठेवून आडव्या वाशांनी पक्क्या बांधल्या, की त्यांची बैठक रुंद होते आणि वर फळ्या टाकून जड ओझेही पैलतीराला नेता येते.

शब्दाचे मूळ संस्कृत 'संघाट' हे आहे, म्हणजे लाकडे एकमेकांत बसवून सांधणे. पालीत 'नावासंघाट' म्हणजे तराफा, तर प्राकृतात 'संघाड' म्हणजे जोडी. तुळू भाषेत जोडहोडीला 'जंगल' म्हणतात. अरण्याशी त्याचा काही संबंध नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात, एकसंध खोडे बांधून केलेल्या आणि 'संगारा' म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या नौकांचा उल्लेख दक्षिण भारताच्या बंदरांच्या वर्णनात येतो. पुढे मल्याळममधील 'चंगाडम' पोर्तुगिजांनी उचलला, त्याचा 'जंगाडा' झाला, आणि ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आपल्या शिडाच्या तराफ्याला आजही त्याच नावाने ओळखतात. एवढा प्रवास केलेला शब्द आपल्या घरात असावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

घरातच त्याची भावंडेही आहेत. इमारतीचा 'सांगाडा' त्याच मुळातून आला, आणि लाकूड कातण्याच्या यंत्राला 'सांगाडी' हे जुने नाव आहे.

वापराविषयी थोडे बारकाईने बोलले पाहिजे. 'सांधणे' या क्रियेत तुटलेले पुन्हा एक होते आणि सांधा जितका दिसेनासा होईल तितके काम चांगले ठरते. 'जोड देणे' यात एक वस्तू मुख्य आणि दुसरी तिच्या मदतीला असते, जसे शेतीला कोंबडीपालनाची जोड. सांगडीत मात्र दोन्ही वस्तू आपापल्या जागी शाबूत राहतात, दोघींचे वजन सारखे असते आणि मधला दोर उघड दिसतो. म्हणूनच 'खर्चाची उत्पन्नाशी सांगड बसत नाही' हे वाक्य चपखल आहे, कारण तिथे दोन स्वतंत्र बाजू आहेत आणि एक हलकी पडली की दुसरी कलंडते. याउलट 'दुधात साखरेची सांगड घातली' असे कोणी लिहिले तर ते कानाला खटकते. साखर विरघळते, आणि विरघळलेल्या वस्तूला दोर बांधता येत नाही.