‘हे वाच’ म्हणताना

मित्रहो, अलीकडे वाचलेली, मनापासून आवडलेली कादंबरी दुसऱ्याच्या हाती द्यायची कशी, याबद्दल मला आज बोलायचं आहे. आपण ‘फार सुंदर आहे, नक्की वाच’ म्हणतो, वर पुरस्काराचं नाव जोडतो, समोरचा मान डोलावतो आणि पुस्तक तसंच पडून राहतं. ती कादंबरी वाचणाऱ्याकडून काय मागते, हे आपण सांगतच नाही. खरं तर शिफारशीत तेच आधी यायला हवं.

समांथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ घ्या. २०२४ चं बुकर मिळालेली ही छोटी कादंबरी. ‘अंतराळातली गोष्ट’ म्हणून दिली, तर वाचणारा यंत्रातला बिघाड, अपघात, थरारक सुटका यांची वाट बघत बसेल. तसलं तिथे काहीच घडत नाही. अंतराळस्थानकातली सहा माणसं, एक दिवस आणि त्या दिवसात पृथ्वीभोवतीच्या सोळा फेऱ्या. खाली फिलिपिन्सकडे सरकणारं प्रचंड वादळ दिसतं. वर एका जपानी स्त्रीला आईच्या मृत्यूची बातमी कळलेली असते, पण तिला खाली येता येत नाही. उरलेलं सगळं नुसतं बघणं आहे, आणि ते बघणं इतकं उत्कट आहे की रोज थोडं थोडं वाचावं. एका बैठकीत पुस्तक संपवणाऱ्या मित्राला मी ही देणार नाही. कवितेवर प्रेम करणाऱ्याला मात्र आग्रहानं देईन.

गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’चंही असंच. २०१८ ची ही हिंदी कादंबरी, डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आणि तिचं नाव सर्वदूर गेलं. अनेकांनी ती घेतली आणि सुरुवातीलाच सोडली. नवरा गेल्यावर ऐंशीची आई भिंतीकडे तोंड करून, घराकडे पाठ करून पडून राहते. पानांमागून पानं जातात, ती उठत नाही. कंटाळलेल्या वाचकाला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं, की हे पडून राहणं पुरतं अनुभवलंस तरच ती उठल्यावर काय होतं ते कळेल. उठते ती अशी, की थेट सरहद्द ओलांडते. शिवाय आपल्याला हिंदी वाचता येत असेल तर ही मूळ हिंदीतच वाचावी, असं माझं ठाम मत आहे. शब्दांशी खेळणं हा तिचा प्राण आहे.

आता मला सर्वांत प्रिय असलेली जोडी. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणामुळे उठलेलं गाव, आणि मागे राहिलेल्या म्हशीसाठी त्या गावाकडे पुन्हा गेलेला माणूस. दुसरी हान कांग यांची ‘वुई डू नॉट पार्ट’. कोरियन भाषेत ती २०२१ मध्ये आली, इंग्रजीत २०२५ मध्ये. मधल्या काळात, २०२४ मध्ये, लेखिकेला नोबेल मिळालं. दवाखान्यात पडलेल्या मैत्रिणीचा पाळीव पक्षी अन्नपाण्याविना मरू नये म्हणून एक स्त्री भर हिमवादळात दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर जाते. तिथे १९४८ पासून झालेल्या हत्याकांडाच्या आठवणी एकेक करून वर येतात.

एक म्हशीसाठी जातो, एक पक्ष्यासाठी. दोन्हींत एका मुक्या जिवाच्या ओढीनं माणूस निघतो आणि नाहीशा झालेल्या माणसांपाशी, गावांपाशी पोचतो. एवढ्या दूरच्या दोन भाषांत ही वाट सापडावी, याचं मला अजून नवल वाटतं. म्हणून ज्याला ‘रिंगाण’ भिडली त्याला मी हान कांग सुचवतो. एका पुस्तकाच्या आतून दुसऱ्या पुस्तकाकडे जाणारी अशी वाट दाखवली, की शिफारस सहसा वाया जात नाही. दोन्ही कादंबऱ्या कोणत्या पुरस्काराच्या, कोणत्या देशाच्या, यावरून ही जोडी कधी जुळली नसती.

पण हान कांग यांचं पुस्तक देताना एक सांगायलाच हवं. मैत्रिणीची तुटलेली बोटं शिवल्यावर ती जिवंत राहावीत म्हणून दर तीन मिनिटांनी त्यांत सुई टोचली जाते. ते वाचवत नाही. नुकतंच दवाखान्यातून घरी आलेल्या, किंवा घरातलं माणूस गमावलेल्या वाचकाला हे आधी ठाऊक असावं. यानं रहस्य फुटत नाही. वाचणाऱ्याला आपली वेळ निवडता येते.

काय सांगायचं नाही, हेही थोडक्यात बोलतो. क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’. आयर्लंड, १९८५, नाताळच्या तोंडावरचे थंडीचे दिवस. पाच मुलींचा बाप असलेला एक कोळसा व्यापारी कॉन्व्हेंटमध्ये माल टाकायला जातो आणि तिथे कोंडलेली मुलगी बघतो. इथे थांबायचं. हवं तर एवढं सांगावं, की अशा कॉन्व्हेंटांनी चालवलेल्या, मुलींना राबवून घेणाऱ्या धुलाईघरांपैकी शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं आणि आयर्लंडच्या सरकारनं २०१३ मध्ये माफी मागितली. पुढे तो काय करतो याचा अवाक्षरही नको. त्या माणसाची घालमेल वाचकानं स्वतः सोसायची आहे.

आता माझं बोलणं पुरे. तुमच्या कादंबऱ्या ऐकायच्या आहेत. नाव सांगाल तेव्हा ती कुणाला द्याल तेही सांगा, आणि कुणाला देणार नाही तेही.