डिस्चार्ज कार्डाची मागची बाजू

मंडळी, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयविकारावर व्याख्यान म्हटल्यावर पडद्यावर धमन्यांची चित्रं दिसतील असं तुम्हाला वाटलं असेल. मी फक्त एक कार्ड आणलंय.

हे एका ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचं डिस्चार्ज कार्ड. नाव झाकलंय. वय 54. छातीत कळ आली, 108 बोलावली, जिल्ह्याच्या गावी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसला. महात्मा फुले योजनेत खर्चही भागला. इथपर्यंत सगळं झकास. कार्डावर गोळ्या वेळेसकट लिहिल्यात आणि शेवटी एक ओळ: 'जड काम टाळा, विश्रांती घ्या.' जड म्हणजे किती? विश्रांती कधीपर्यंत? मागची बाजू कोरी.

हे गृहस्थ माझ्याकडे आले पाच महिन्यांनी, तेही गुडघा दुखतो म्हणून. पाच महिने खाटेवर. बायको पाण्याची कळशी उचलू देईना, मुलगा जिना चढू देईना. डाव्या कुशीला वळलं तर स्टेंट सरकेल या भीतीनं झोप उडालेली. स्टेंट असा सरकत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

घरच्यांना मी दोष देत नाही. एके काळी डॉक्टरही हेच करायचे. झटका आलेल्या माणसाला चार-सहा आठवडे सक्तीनं झोपवून ठेवायचे. 1952 साली अमेरिकेत लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना चक्क आरामखुर्चीत बसवलं, तर केवढी खळबळ उडाली! आज बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच उठवतात. वैद्यक उठून चालायला लागलं, आपली घरं अजून खाटेपाशीच आहेत.

कार्डियाक रिहॅब म्हणजे हृदयविकारानंतरचं पुनर्वसन. देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम, गोळ्यांची शिस्त, तंबाखू सोडणं, जेवण, आणि मनातली भीती काढणं. कॉक्रेन ही वैद्यकातल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2021 सालच्या आढाव्यात 85 चाचण्या आणि तेवीस हजारांवर रुग्ण होते. व्यायामावर आधारलेल्या रिहॅबमुळे हृदयविकारानं होणारे मृत्यू, पुन्हा येणारा झटका आणि पुन्हा दवाखान्यात भरती होणं, तिन्ही कमी होतात असं त्यात दिसलं. असं एखादं औषध असतं तर मेडिकलबाहेर रांग लागली असती.

मग लोक येत का नाहीत? साधा हिशेब करू. ठरीव कार्यक्रम आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. म्हणजे 36 फेऱ्या, एसटीची 72 तिकिटं, आणि 36 दिवसांचा रोज बुडाला. तोही केंद्र जिल्ह्याला असेल तर. अमेरिकेत तर मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, याचे पैसे देतं, तरी पात्र असलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा येतो. तेव्हा हा आपल्याच लोकांचा आळस आहे, असं कृपा करून म्हणू नका.

बायकांचं आणखी वेगळं. 2023 पासून त्यांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, माझ्याकडे येणाऱ्या बायका काही वाढल्या नाहीत. बायपास झालेल्या एका मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "तिकिटाचं नाय ओ, सकाळच्या भाकरी कोण थापणार?" त्यांना मी चुलीपुढून उठवू शकलो नाही. म्हणून रिहॅबच त्यांच्या ओट्यावर नेलं. छातीचं हाड जुळेपर्यंत हंडा उचलायचा नाही, पण अंगणातल्या फेऱ्या मोजून घालायच्या. दर मंगळवारी मी फोन करायचा.

हा जुगाड नव्हे. घरी केलेलं रिहॅब केंद्रातल्याइतकंच गुण देतं, हेही तपासून झालंय. आपल्याकडे 24 रुग्णालयांत, जवळजवळ चार हजार रुग्णांवर योगावर आधारलेल्या रिहॅबची चाचणी झाली. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण माणसं आधीच्या कामाला जास्त प्रमाणात लागली, त्यांना बरंही वाटलं. आणि तिथे ट्रेडमिल नव्हती, एक खोली आणि शिकवणारा माणूस होता.

माझं मागणं एवढंच की, पेशंट घरी सोडण्याआधी कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा: रोज किती मिनिटं चालायचं, कशानं थांबायचं, आणि पहिला फोन कोण, कोणत्या तारखेला करणार. 'गरज वाटल्यास भेटा' असं लिहिलं की कुणीही भेटत नाही. तारीख घातली की येतात. उपकेंद्रातल्या ताईंना रक्तदाब मोजता येतोच. त्यांच्या हातात ते कार्ड पडलं तर निम्मं काम गावातच होईल.

चालण्याचा वेग कसा ठरवायचा? मी सांगतो, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. यावर एक माळकरी आजोबा उखडले. "मग आम्ही वारीत काय करतो?" मी म्हटलं, आजोबा, तुमचा सराव चाळीस वर्षांचा, या पाहुण्यांना आज पहिला दिवस. छाती आवळली, चक्कर आली, दम लागून शब्द फुटेना, तर जागच्या जागी थांबायचं. बसूनही दुखणं राहिलं तर 108.

त्या शेतकऱ्याची चाचणी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात घेतली. तीस मीटरला खडूच्या दोन रेघा, सहा मिनिटं, जमेल तितक्या फेऱ्या. पहिल्या वेळी 270 मीटर, दोनदा भिंतीला टेकून. बारा आठवड्यांनी 430. त्या दिवशी बायको व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून फेऱ्या मोजत होती. परत जाताना पिशवी त्यांनी घेतली, तिनं ओढली नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात आत्ताही खडूच्या रेघा मारून ठेवल्यात. ज्यांना झटका येऊन गेलाय त्यांनी आधी कार्ड दाखवा, मग चाला. कार्ड उलटं धरून आणा, मागे लिहायला पेन माझ्याकडे आहे.