घरचा साबण, खोबरेल आणि भिरंडेल

श्रोते हो, नमस्कार. घरी साबण करण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॉस्टिक सोडा न घालता नैसर्गिक साबण करता येईल का? उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. तेल आणि कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली यांच्या संयोगातूनच साबण आणि ग्लिसरीन तयार होते, आणि प्रमाण बरोबर असेल तर मुरलेल्या वडीत सोडा शिल्लक राहत नाही. पूर्वी राखेचे पाणी हे काम करीत असे, पण तिच्यातल्या पोटॅशमुळे साबण मऊच राही. वितळवून साच्यात ओतण्याचा जो तयार बेस मिळतो, त्यातही ही क्रिया कारखान्यात आधीच उरकलेली असते.

आपल्या गोव्यात घाण्याचे खोबरेल आहे आणि भिरंडेल, म्हणजे भिरंडांच्या (कोकमांच्या) बियांचे घट्ट तेल, तेही आहे. निव्वळ खोबरेलाचा साबण टणक होतो, अगदी खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, मात्र अंग कोरडे पाडतो. भेगाळलेल्या टाचांना आपण जे भिरंडेल चोळतो, ते त्यात थोडे मिसळले की हा दोष बराच कमी होतो. मी 400 ग्रॅम खोबरेल, 100 ग्रॅम भिरंडेल, 78 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा आणि 180 ग्रॅम पाणी घेते. या तेलांना लागतो त्यापेक्षा सोडा सुमारे 10 टक्के कमी धरल्यामुळे तेवढे तेल वडीत मोकळे राहते. पाण्यासह सर्व काही काट्यावर तोलावे. वाटी-चमच्याचा हिशेब सोलकढीला चालतो, इथे नाही. तेल बदलले तर सोड्याचे प्रमाणही नव्याने काढावे लागते.

सोडा पाण्यात थोडा थोडा घालावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, कारण ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे असावे, कारण ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, काम वाहत्या हवेत करावे आणि मुलांना त्या वेळी जवळ फिरकू देऊ नये. द्रावण आणि वितळवलेले तेल दोन्ही कोमट झाली की एकत्र करून घोटावे. डावाची धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरू लागली की मिश्रण साच्यात ओतावे.

हळद घातली तर ती आधी लालसर होईल. घाबरू नये, हळदीला चुना लावून कुंकू होते, तोच हा प्रकार, आणि पुढे रंग पिवळट-तपकिरी होतो. कडुलिंबाच्या पानांचा हिरवा रंग मात्र टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एकदा मी हौसेने ऐन जूनमध्ये साबण केला आणि पावसाळाभर वड्या घामेजत राहिल्या, कारण साबणातले ग्लिसरीन दमट हवेतले पाणी ओढून घेते. तेव्हापासून मी दिवाळी उलटून हवा कोरडी झाल्यावरच साचा काढते. दुसऱ्या दिवशी वड्या कापून, एकमेकींना न चिकटवता, सावलीत जाळीवर मांडाव्यात. चार ते सहा आठवडे लागतात. त्यांतली एक वडी दर आठवड्याला तोलत जावी, आणि तिचे वजन घटायचे थांबले की साबण न्हाणीत न्यावा.