करडईच्या काठापलीकडे

(काळोख. फक्त आवाज.)

ऐका. आँऽ... आँऽ... नाकातून निघाल्यासारखा, जरा घोगरा. डिसेंबर लागला की पहाटे साडेपाचच्या सुमाराला हा आवाज आमच्या पत्र्यावरून जातो, आणि आज्जी गोधडीतूनच म्हणते, "आली बग बातुकोळी."

आज्जीचं माहेर अक्कलकोटकडचं. कन्नडमध्ये बदकाला बातुकोळी म्हणतात, आणि पाण्यावर बसतं ते सगळं तिच्या लेखी बातुकोळीच. पण ही बदकं नव्हेत. हे जंगली हंस आहेत, पट्टकदंब.

(उजाडतंय. घरामागचं तळं, पाण्यावर धुकं.)

सोलापूर सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की हिप्परगा तलाव लागतो. सरकारी कागदावर एकरूख तलाव. इंग्रजांच्या काळात आदिला नदी अडवून केलेला. त्या पाण्यापासून आमची वस्ती फार लांब नाही. घरामागे परसात गोठा, गोठ्यामागे कडबा, आणि त्याच्या मागे हे तळं. जेमतेम अर्ध्या एकराचं. 72 च्या दुष्काळात बैलं विकायची पाळी आली, त्यानंतर आजोबांनी ओघळ अडवून ते खोदायला घेतलं. कुदळ, घमेलं आणि घरची माणसं, एवढ्यावरच झालंय ते.

मधे आप्पांच्या मनात तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरायचा होता. पाणी मुरत नाही, उन्हाळ्यापर्यंत टिकतं. आमच्याकडे वर्षाला पाऊसच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी, म्हणून हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण मुरलेलं पाणी खालच्या विहिरीला पाझरतं, आणि कागदाच्या घसरड्या उतारावरून आत पडलेलं जनावर वर येत नाही. शेजारच्या शिवारात आम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तळं मातीचंच राहिलं. काठ उतरता, चिखलाचा. हंस आमच्याकडे उतरतात ते या काठामुळे, असं मला वाटतं. त्यांना पाण्यातून चालत बाहेर यायचं असतं, आणि बाहेर आल्यावर चारी बाजूंचं दिसायला हवं असतं.

(जवळून: एक हंस पाण्याबाहेर येतोय.)

आता नीट बघा. अंग राखाडी, डोकं पांढरं शुभ्र. त्यावर दोन काळे पट्टे: एक या डोळ्यापासून डोक्यामागून त्या डोळ्यापर्यंत, दुसरा त्याच्या खाली, मानेच्या सुरुवातीला. कुणीतरी काजळाचं बोट दोनदा फिरवावं तसे. चोच आणि पाय नारिंगी-पिवळे. वजन दोन-तीन किलो. या दोन-तीन किलोच्या जिवानं आमच्या परसात यायला हिमालय ओलांडलेला असतो. त्यांची पिल्लं होतात तिबेटच्या पठारावर, मंगोलियात, आपल्या लडाखमधल्या तळ्यांकाठी. अंगाला यंत्रं बसवून अभ्यास झालाय, आणि काही पक्षी 7,000 मीटरच्याही वर उडताना नोंदले गेलेत. त्या उंचीला हवा इतकी विरळ की माणसाला चार पावलं टाकताना धाप लागावी. यांच्या रक्ताला मात्र तिथलाही प्राणवायू धरून ठेवता येतो. डोंगर चढायचा तर ते बहुधा रात्री आणि पहाटे चढतात, कारण गार हवा दाट असते, पंखाला आधार देते.

आणि इथे पोचल्यावर त्यांना काय आवडतं? आमचा हरभरा.

(रात्र. शेतात टॉर्चचा उजेड लांबून.)

दिवसा हे पाण्यावर किंवा काठावर झोपा काढतात. अंधार पडला की चरायला निघतात. डिसेंबरात हरभरा वीतभर झालेला असतो, शेंडे कोवळे, पानांवर आंब धरलेली. आई स्वतः त्याच सुमारास शेंडे खुडते. भाजी होते, उरलेली वाळवून ठेवते, आणि खुडल्यानं झाडाला फुटवा येतो. हंसही तेच खुडतात. थोडं खुडलं तर बिघडत नाही. पण पंचवीस-तीस पक्षी रोज रात्री त्याच जागेवर बसले, तर सकाळी नुसते बुडखे उरतात. ज्याचं पोट त्या रानावर आहे त्याला "किती सुंदर पक्षी" एवढं सांगून भागत नाही. आप्पांचा राग मला तेव्हाही कळत होता.

2019 च्या डिसेंबरात आप्पांनी सुतळी बॉम्ब आणले. रात्री अकराला पहिला फोडला. सगळा थवा एकदम उठला, अंधारात, घाबरून, दिशा न बघता. तळ्याच्या कडेनं विहिरीच्या मोटारीची विजेची तार जाते. आम्हाला फक्त एक "टण्ण" ऐकू आलं.

सकाळी तो काठावर पडलेला होता. पंख उलटा झालेला. आज्जीनं त्याच्यावर फडकं टाकलं. दुसरा एक हंस मात्र पाण्याच्या मध्यावर बसून होता, एकटा. थवा हिप्परग्याकडे निघून गेला होता. हा तिथेच. दिवसभर थांबून थांबून आवाज द्यायचा, मग मान वर करून ऐकायचा. तीन दिवस. या पक्ष्यांची जोडी वर्षानुवर्षं टिकते, हे मी नंतर वाचलं. आप्पांनी वाचलं नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धारा काढता काढता ते म्हणले, "उरलेले बॉम्ब विहिरीत टाक जा." विहिरीत कशाला टाकायचे, मी पाण्यात भिजवून मातीत पुरले.

त्यांची शिकार करणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे गावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आमच्या घरात ती गोष्ट कायद्यानं थांबली नाही, त्या तीन दिवसांनी थांबली.

(जानेवारी. करडईची काटेरी रांग, जवळून.)

उपाय आज्जीकडे होता. सोलापूरच्या जुन्या ज्वारीच्या रानांभोवती करडईचे काठ असायचे. करडई काटेरी, गुरं तोंड घालत नाहीत. आज्जी म्हणाली, "गुरास्नी अडवतीया, ती पाखरास्नी न्हाई अडवणार व्हय?"

पुढच्या साली तळ्याच्या बाजूनं चार गुंठे मोकळे सोडले. तिथं हरळी तशीच ठेवली, वर हरभरा दाट फेकला, हंसांच्या वाटणीचा. त्याच्या पलीकडे करडईच्या सहा ओळी. त्यामागे आमचा हरभरा आणि मालदांडी ज्वारी. डिसेंबरात करडईला अजून काटे नसतात, त्यामुळे पहिले दिवस थोडं नुकसान झालं. पण झाडी दाट झाली की हंस तिच्यात शिरत नाहीत. काट्यापेक्षाही, पलीकडचं दिसत नाही ही अडचण त्यांना जास्त वाटत असावी. एक जण कायम मान ताठ करून पहाऱ्याला उभा असतो, बाकीचे चरतात. ज्या जागी पहारेकऱ्याला दिसत नाही, तिथं कुणी जात नाही.

चार गुंठ्यांतलं पीक आम्ही सोडलं, हे खरंय. त्या जागेवर पडणारी विष्ठा, हिरवट कांड्या, टोकाला पांढऱ्या, आप्पा आता नांगरटीत गाडतात.

सोबत राहायचे नियम आम्हाला त्यांनीच शिकवले. म्हैस पाण्यावर आली तर ते हलत नाहीत, माणूस एकटा चालत आला की मान वर. म्हणून आई म्हशीच्या आडून पाण्यापर्यंत जाते. कुत्रा रात्री बांधलेला. भाकरीचे तुकडे टाकायचे नाहीत, त्यांना गवत आणि कोवळा पाला पुरतो. मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, कारण बर्ड फ्लूनं हिमाचलच्या पाँग धरणावर 2021 च्या जानेवारीत हे हंस मोठ्या संख्येनं मेले होते.

आणि कृपा करून ड्रोन आणू नका. गेल्या वर्षी एकानं आणला. थवा उठला, पुन्हा त्याच तारेच्या दिशेनं. या वेळी तारेला आम्ही लाल चिंध्या बांधल्या होत्या. सगळे वरून गेले. मी मात्र कितीतरी वेळ खालीच बसून होते, पाय चालेनात.

2023 ला पावसानं दगा दिला. तळं डिसेंबरातच तळाला गेलं, चिखलाला भेगा पडल्या. त्या हिवाळ्यात परसात एकही हंस उतरला नाही. आज्जी पहाटे जागी व्हायची, ऐकायची, आणि काही न बोलता कूस बदलायची. तेव्हापासून जानेवारीनंतर आप्पा तळ्याचं शेवटचं दोन फूट पाणी उपसत नाहीत. ज्वारीला एक पाणी कमी पडतं. यावर घरात दरवर्षी वाद होतो, यंदाही झाला.

(मार्च. पहाट. विळ्याचा आवाज.)

करडई काढायची ती पहाटेच. दंवानं काटे मऊ पडतात, ऊन वर आलं की हात लावू देत नाहीत. आईनं मनगटापर्यंत जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्यात. हरभरा आधीच निघालाय. काल संध्याकाळी पाण्यावर 27 होते, मी मोजले.

आज्जी ओट्यावर येऊन बसली. तळ्याकडे तोंड करून, पदर कानामागे सारून.

"गेली वाटतं," ती म्हणाली.

आईचा विळा क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.