काचेच्या घराचा कणा: हार्डविक हॉल

श्रोतेहो, नमस्कार. आपला वाडा रस्त्याकडे पाठ करून चौकाभोवती बसतो. इंग्लंडात डर्बीशायरमधल्या टेकडीवरचा हार्डविक हॉल याच्या नेमका उलट. आत चौक नाहीच. सगळं घर बाहेर बघतं, तेही अवाढव्य खिडक्यांतून. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच बेस ऑफ हार्डविक, हिने १५९० मध्ये काम काढलं आणि १५९७ मध्ये ती इथे राहायला आली. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो.

बाहेरची भिंत एवढी पोखरल्यावर घर उभं कसं राहिलं? भार आतल्या भिंतींवर घेतला. घराच्या मधोमध कण्यासारखी जाड भिंत आहे आणि बहुतेक धुराडी तिच्यातच बसवली आहेत, त्यामुळे बाहेरची बाजू खिडक्यांना मोकळी मिळाली. शिवाय सहा मनोरे भिंतींना आधार देतात. तरी थोडी लबाडी आहेच: काही खिडक्यांमागे खोली नाही, भिंत आहे. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात, एवढ्यासाठी तिथे काच लावली!

आणखी एक गंमत म्हणजे, वर जावं तशी खिडक्यांची उंची वाढते. तळाला नोकरचाकर, मधल्या मजल्यावर बेसचा रोजचा वावर आणि सर्वांत वर मानाच्या पाहुण्यांचे दिवाणखाने. तिथवर नेणारा लांबलचक दगडी जिना मला या घरातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. स्वयंपाकघर मात्र तळाला, म्हणजे मेजवानीची ताटं तेवढाच जिना चढणार. गरम जेवण वरपर्यंत गरम राहत असेल, असं वाटत नाही.

वरच्या लांब दालनात बायबलमधल्या गिदियनच्या कथेचे तेरा विणलेले भित्तिपट आहेत. उजेडाने लोकर आणि रेशीम विटतं, तंतू ठिसूळ होतात. एकेक पट उतरवून केलेलं त्यांचं जतन २०२३ मध्ये पूर्ण झालं. उजेडासाठी बांधलेल्या घरात आता उजेडच मोजून आत घ्यावा लागतो.

खिडक्यांचंही दुखणं आहे. काचेचे लहान तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवतात आणि ती जाळी तांब्याच्या तारेने आडव्या लोखंडी गजांना बांधतात. ऊन-थंडीने शिसं सतत प्रसरण-आकुंचन पावतं, थकतं, जाळीला पोट सुटतं आणि फटींतून पाणी शिरतं. त्या पाण्याने गजांची टोकं गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि दगडाची चौकट आतून तडकते. दुरुस्तीत तुकड्यांना क्रमांक देऊन जुनी काच जपतात, शिसं नवं ओततात. दगडाचे सांधे मात्र चुन्यानेच भरायचे. सिमेंट वालुकाश्मापेक्षा कडक असतं. सांध्यातून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातूनच वाट काढते आणि थंडीत गोठली की दगडाचे पापुद्रे सुटतात.